हॉलस्टेड रस्त्यावरचं घर

शिकागो शहरातल्या एका कामगार वस्तीत १८९० च्या आसपास एक मुलगा दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधलेला असायचा. आई कामावर गेलेली. दुपारी जवळच्या कारखान्यातून थोरला भाऊ जेवणाच्या सुट्टीत धावत यायचा, त्याला सोडवायचा, दोघं भाऊ एकाच डब्यातलं खायचे आणि सुट्टी संपायच्या आत थोरला परत पळायचा. तीन वर्षं हे असंच चाललं. तेवढ्या काळात धाकट्याच्या पाठीचा कणा वाकला. त्याच वस्तीत आणखी दोन मुलं होती. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडून जायबंदी झालेलं, दुसरं भाजलेलं. तिघांच्याही आया त्या वेळी कामावर होत्या.

मुलाला बांधून जाणाऱ्या आईला निर्दय म्हणायला वेळ लागत नाही. पण तिच्यापुढे काय होतं ते पाहा. घरात चूल, खिडकीला गज नाहीत, खाली घोडागाड्यांचा रस्ता, आणि दिवसाचा खाडा केला तर संध्याकाळी भाकरी नाही. पोर जिवंत राहावं म्हणून तिने ते बांधलं. आपल्याकडे बांधकामावर खडी वाहणाऱ्या बाईने वाळूच्या ढिगाजवळ पोराच्या पायाला दोरी बांधलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

ही तीन मुलं ज्यांच्या नजरेला पडली, त्यांनी आईला उपदेश केला नाही. त्यांनी पाळणाघर काढलं. रोजचे पाच सेंट द्यायचे आणि मूल सोडून निर्धास्तपणे कामावर जायचं. गरीब वस्तीतलं शेजारकेंद्र म्हणजे नेमकं काय, हे मला या एका गोष्टीत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कुठल्याही व्याख्येत दिसत नाही.

त्या केंद्राचं नाव हल हाउस. जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी ते १८ सप्टेंबर १८८९ रोजी सुरू केलं. ॲडम्स तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या गावच्या, सुखवस्तू घरातल्या. शिक्षण झालेलं, वडील वारलेले, पाठीच्या दुखण्याने डॉक्टरकीचा अभ्यास अर्धवट सुटलेला. अशा मुलीने लग्न करावं किंवा युरोप पाहावा, एवढीच त्या काळची अपेक्षा. त्या युरोपला गेल्या आणि १८८८ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल पाहून आल्या. सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या पाद्री दांपत्याने १८८४ साली व्हाइटचॅपलच्या दरिद्री वस्तीत ती संस्था उभी केली होती. विद्यापीठात शिकलेले तरुण तिथे येऊन राहत. दानधर्म करून संध्याकाळी आपल्या पेठेत परतायचं नाही, वस्तीतच बिऱ्हाड करायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. इंग्रजीत अशा घरांना ‘सेटलमेंट’ म्हणू लागले. आपल्या भाषेत त्याला बिऱ्हाड हाच शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो.

शिकागोत हॉलस्टेड रस्त्यावर ॲडम्स यांना मिळालेलं घर चार्ल्स हल नावाच्या धनिकाने १८५६ साली बांधलेलं होतं. तेव्हा तो शहराबाहेरचा बंगला होता. पुढच्या तीस वर्षांत शहर वाढत वाढत त्याला गिळून पुढे गेलं. १८८९ मध्ये त्याच्या एका बाजूला दारूचा गुत्ता होता आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याचं दुकान. सभोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन, पोलंड-रशियातून आलेले ज्यू. एकोणिसावा वॉर्ड म्हणून ही वस्ती ओळखली जाई. आपापल्या गावातून पोटासाठी आलेली माणसं. भाषा येत नाही, मुकादम आपलाच गाववाला आणि तोच लुबाडतो. गिरणगावाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे चित्र परकं वाटणार नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या दोघी तिथे अन्न, वस्त्र, निवारा घेऊन गेल्या नव्हत्या. भिंतींवर युरोपातल्या चित्रांच्या प्रती लावाव्यात, संध्याकाळी चार चांगली पुस्तकं वाचावीत, असा त्यांचा बेत होता. पहिल्या दिवसांत जॉर्ज एलियटच्या एका कादंबरीचं वाचनही झालं, कारण तिचं कथानक इटलीत घडतं आणि ऐकणाऱ्या बायका इटलीच्या. बायका आल्या, ऐकलं. पण दार ठोठावलं जाऊ लागलं ते निराळ्याच कामांसाठी. कुणाच्या घरी बाळंतपण आहे आणि तान्ह्याला न्हाऊ घालायला कुणी नाही. कुणाकडे मयत आहे, देह धुवून तयार करायचा आहे. कुणी आजारी, कुणाचं मूल दोन तास सांभाळायचं. पंधरा वर्षांची एक नवरी आली. लग्नाची अंगठी हरवली म्हणून नवरा आठवडाभर रोज रात्री तिला मारत होता. एकदा एका अविवाहित मुलीच्या कळा सुरू झाल्या. बदनामीच्या भीतीने चाळीतली एकही बाई उंबरा ओलांडेना आणि फी मिळणार नाही म्हणून डॉक्टर येईना. ॲडम्स आणि त्यांच्या सहकारी ज्यूलिया लॅथ्रॉप दोघी धावल्या. दोघींनाही बाळंतपणाचा काही अनुभव नव्हता. मूल सुखरूप जन्मलं.

वस्तीने या शिकलेल्या बायकांना हळूहळू त्यांचं काम शिकवलं, असं मी म्हणेन. पहिल्या काही आठवड्यांतच दिवाणखान्यात बालवाडी भरली, पुढे पाळणाघर आलं. घरात पाण्याची सोय नसलेल्यांसाठी न्हाणीघरं आली. ती इतकी वापरली गेली की त्या गर्दीकडे बोट दाखवून नगरपालिकेकडे सार्वजनिक स्नानगृहाची मागणी करता आली, आणि १८९४ मध्ये शिकागोचं पहिलं सरकारी स्नानगृह हल हाउसच्याच परिसरात उघडलं. गरीब लोकांना स्वच्छतेची आवड नसते, असं तोवर ऐकवलं जायचं. आवड होती, नळ नव्हता.

फसलेला प्रयोग पाहायचा तर सार्वजनिक स्वयंपाकघराचा पाहावा. दिवसभर शिवणकाम करणाऱ्या बायकांना रांधायला वेळ नसतो, त्या डबाबंद काहीतरी विकत घेतात, मुलांना पावाला गोड लावून देतात, हे हल हाउसमध्ये राहणाऱ्यांच्या लक्षात आलं. उपाय तयारच होता. बॉस्टनमध्ये शास्त्रीय पद्धतीने, कमी खर्चात पौष्टिक अन्न शिजवणारं ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू झालं होतं. त्यांच्यातल्याच एक बाई तिथे जाऊन शिकून आल्या. मंद आचेवर तासन्‌तास शिजणारी दाट सूप, मोजून मापून केलेले मांसाचे पदार्थ. १८९३ मध्ये स्वयंपाकघर थाटात उघडलं. आणि शेजारी काही येईनात. एका बाईने सरळ सांगितलं की अन्न पौष्टिक असेल, पण आपल्याला जे आवडतं ते खायला आपल्याला आवडतं.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. इटालियन बाईला तिची पास्त्यावरची चटणी हवी, ज्यू बाईला तिच्या धर्मात चालणारंच अन्न हवं. कोकणातून मुंबईत आलेल्या गिरणी कामगाराला मालवणी खानावळ लागायची आणि घाटावरच्याला भाकरी-पिठलं, ते याच कारणाने. परमुलखात चवीचा आधार मोठा असतो, आणि खिशात पैसे कमी म्हणून जिभेवरचा हक्क कमी होत नाही. ॲडम्स यांनी हट्ट धरला नाही. त्या जागेचं कॉफीगृह म्हणून चांगलं नाव झालं. गुत्त्याशिवाय दुसरीकडे बसायची जागा नव्हती, ती मिळाली. लोकांना तिथे अन्नापेक्षा बैठक हवी होती.

निवाऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे. ती मागणी आतूनच आली. बुटांच्या कारखान्यात संप झाला. संपावरच्या मुली हल हाउसमध्ये बैठकीला जमल्या, तेव्हा असं दिसलं की संप मोडतो तो बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यावर. ज्या मुली घरी राहतात त्या टिकतात. ज्या भाड्याच्या खोलीत राहतात त्यांना मालकीण हाकलून देईल या धास्तीने त्या आधी माघार घेतात. आपण सगळ्या मिळून एक घर चालवलं, तर एकीची अडचण दुसरी निभावून नेईल, हे एका मुलीनेच सुचवलं. १८९१ च्या मे महिन्यात हल हाउसने शेजारी दोन बिऱ्हाडं भाड्याने घेऊन दिली, पहिल्या महिन्याचं भाडं भरलं, सामान दिलं आणि बाजूला झालं. पुढचा कारभार मुलींचा. आठवड्याला तीन डॉलर वर्गणी, त्यात राहणं आणि जेवण. तीन वर्षांत त्या इमारतीतली सगळी सहा बिऱ्हाडं त्यांनी घेतली आणि सभासद पन्नास झाल्या. ‘जेन क्लब’ हे त्या वसतिगृहाचं नाव.

त्या क्लबला स्वतंत्र इमारत हवी होती तेव्हा एक देणगीदार वीस हजार डॉलर द्यायला तयार झाला. रक्कम त्या काळी प्रचंड. पण हा माणूस आपल्या आस्थापनात मुलींना अत्यल्प पगार देण्याबद्दल प्रसिद्ध होता. कामगार मुलींचं घर कामगार मुलींच्या पगारातून कापलेल्या पैशाने बांधायचं? ॲडम्स यांनी देणगी नाकारली. इमारत पुढे काही वर्षांनी दुसऱ्या पैशातून उभी राहिली. आज संस्थांना देणग्या मिळवून देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट जवळ ठेवावी.

१८९३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत मंदी आली. शिकागोत नुकतंच मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्या कामासाठी आलेले हजारो मजूर अडकून पडले. माणसं नगरपालिकेच्या इमारतीत, जिन्याखाली झोपू लागली. हल हाउसमध्ये मदतकार्याची कचेरी उघडली. मदत करणाऱ्या संस्थांचा तेव्हाचा नियम असा, की धडधाकट पुरुषाला मिळेल ते काम आधी करायला सांगायचं, मगच मदत द्यायची. शहराच्या सांडपाण्याच्या कालव्यावर खोदकाम मिळत होतं. माल रवाना करणाऱ्या कचेरीतला एक कारकून नोकरी गेल्यावर मदत मागायला आला. ॲडम्स यांच्या परिचयाचा, घरी बायकोमुलं. त्याने सांगितलं की आपण आयुष्यभर आत बसून काम केलंय, थंडीत बाहेर काम झेपणार नाही. ॲडम्स यांनी नियम सांगितला. तो मुकाट्याने कालव्यावर गेला, दोन दिवस काम केलं, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात वारला. त्याच्या दोन मुलांकडे पाहताना आपल्याला हे कायम आठवत राहिलं, असं ॲडम्स यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्या हे दडवू शकल्या असत्या. त्यांनी दडवलं नाही, आणि त्यातून शिकल्या ते असं की मदत द्यायची तर त्या माणसाचं जगणं आधी माहीत पाहिजे. अर्ज तपासणाऱ्याला ते माहीत नसतं. शेजाऱ्याला असतं. म्हणून वस्तीत राहणं ही केवळ भावनेची गोष्ट उरत नाही. तीच कामाची पद्धत होते.

आणि माहिती म्हणजे नुसत्या हकिगती नव्हेत. फ्लॉरेन्स केली नावाच्या तडफदार बाई १८९१ च्या अखेरीस मुलांसह हल हाउसमध्ये राहायला आल्या. त्यांनी आणि इतर रहिवाशांनी वस्तीत घरोघर जाऊन पाहणी केली. कोणत्या घरात कोण राहतं, कुठून आलं, आठवड्याला किती कमावतं, हे रंगवलेल्या नकाशांवर मांडलं. १८९५ साली ‘हल हाउस मॅप्स अँड पेपर्स’ या नावाने ते प्रसिद्ध झालं. केली यांनी शिवणकामाच्या कोंदट खोल्यांमधून राबणारी लहान मुलं पाहिली होती. त्यांच्या अहवालांच्या जोरावर १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस. राज्यपालांनी केली यांनाच मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं. दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. तो मोठा धक्का होता. पण टेबलाला बांधलेल्या मुलापासून विधिमंडळापर्यंतची वाट एकदा पडली होती, ती पुन्हा बुजली नाही. १८९९ मध्ये शिकागोत बालगुन्हेगारांसाठी देशातलं पहिलं स्वतंत्र न्यायालय सुरू झालं, त्यामागे याच घरातल्या बायका होत्या. १९१२ साली केंद्र सरकारने मुलांसाठी स्वतंत्र खातं काढलं. त्याच्या पहिल्या प्रमुख होत्या ज्यूलिया लॅथ्रॉप, म्हणजे त्या रात्री बाळंतपणाला धावलेल्या दोघींपैकी एक.

कचऱ्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण मूलभूत गरजांच्या यादीत तो कुणी धरत नाही. एकोणिसाव्या वॉर्डात रस्त्याच्या कडेला कचऱ्यासाठी मोठ्या लाकडी पेट्या ठोकलेल्या होत्या. त्या ओसंडून वाहत. लहान मुलं त्यांच्यावरच चढून खेळत, कारण दुसरी जागा नव्हती. आपल्या गावात अंगण झाडून कचरा बाहेर टाकला की तो उन्हापावसात जिरतो, इथे तो जिरत नाही आणि त्यातून मुलं दगावतात, हे आधी वस्तीतल्या बायकांशी बोलावं लागलं. मग हल हाउसच्या महिला मंडळाच्या बारा सभासद बाया संध्याकाळी स्वयंपाक आटोपून गल्लीबोळांतून फिरू लागल्या. दिवसभर इस्त्री केलेली, भांडी घासलेली बाई रात्री दुसऱ्याच्या उकिरड्याची तपासणी करते, हे सोपं नाही. दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी पुराव्यानिशी पाठवल्या.

तरी ढिगारे हलेनात, कारण कचरा उचलण्याचा ठेका नगरसेवकाच्या मर्जीतल्या माणसाकडे जाई. तेव्हा १८९५ च्या वसंतात ॲडम्स यांनी स्वतःच ठेक्यासाठी निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने बाद झाली, पण एवढा गवगवा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमलं. पगार वर्षाला हजार डॉलर. पहाटे सहाला उठायचं, कचरागाडीमागून फिरायचं, गाडी खरंच शेवटच्या खड्ड्यापर्यंत जाते का ते पाहायचं. एका अरुंद गल्लीत खोदता खोदता दीड फूट खाली फरसबंदी लागली. तिथे फरसबंदी आहे हे रहिवाशांनाच ठाऊक नव्हतं! वॉर्डाचा मृत्युदर शहरात तिसऱ्या क्रमांकावर होता, तो सातव्यावर आला.

पण १९०२ मध्ये टायफॉइडने वस्तीला गाठलंच. शहराच्या छत्तीसाव्या हिश्श्याइतकी लोकसंख्या असलेल्या या वॉर्डात शहरातल्या टायफॉइड मृत्यूंपैकी सहावा हिस्सा झाला. वस्तीत एक जुन्या काळापासूनची विधवा बाई होती. आपलं घर आरशासारखं लख्ख ठेवायची, पण आजूबाजूच्या परदेशी माणसांच्या भानगडीत पडायची नाही. दोन मुलींना तिने दूर पूर्वेकडे शिकायला ठेवलं होतं. त्या सुट्टीत घरी आल्या आणि दोघींना टायफॉइड झाला. एक गेली. मला या बाईची फार आठवण येते, कारण आपण सगळे थोडेबहुत तिच्यासारखेच वागतो. आपल्या गाळण्यांवर, आपल्या बाटल्यांच्या पाण्यावर आपला भरवसा असतो.

हल हाउसमध्ये राहणाऱ्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी त्या साथीत उघड्या शौचालयांवरच्या माश्या पकडून तपासल्या आणि रोग माश्यांमुळे पसरला असा निष्कर्ष काढला. आरोग्य खात्याची चौकशी झाली, चोवीस निरीक्षकांपैकी अकरा जणांना काढलं गेलं. पुढे हॅमिल्टन यांना समजलं की खरं कारण पिण्याच्या पाण्याच्या नळात सांडपाणी शिरणं हे होतं आणि ते अधिकाऱ्यांनी लपवलं होतं. आपला निष्कर्ष चुकला होता हे त्यांनीच नंतर स्पष्ट लिहिलं.

या घराची मर्यादाही सांगितली पाहिजे. हल हाउसचे शेजारी म्हणजे मुख्यतः युरोपातून आलेले गोरे. दक्षिणेकडून शिकागोत येणाऱ्या काळ्या मजुरांना शहरातल्या बहुतेक अशा केंद्रांची दारं बंद होती. त्यांच्यासाठी आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी १९१० साली स्टेट रस्त्यावर वेगळं केंद्र काढलं. वाचनालय, रात्री झोपायला जागा, नोकरी शोधून देणं. पैसा अगदी थोडा. काही काळ स्वतः नोकरी करून त्यांनी ते चालवलं. शेजार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरवण्यात जात किंवा वर्ण घुसला की चांगल्या संस्थांचीही नजर अधू होते. आपल्याला हे कुणी परदेशातून सांगायला नको.

मुंबईत या विचाराचा एक झरा स्वतंत्रपणे फुटला होता. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. पुढे मजूर चळवळीचे जे मोठे नेते झाले तेच ना. म. जोशी. लीगने गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. परळचं दामोदर नाट्यगृह, जिथे गिरणी कामगारांच्या हौशी मंडळ्यांनी आणि नमन-दशावताराने पिढ्या गाजवल्या, ते १९२२ साली उभं राहिलं ते याच लीगच्या कामाचा भाग म्हणून. हल हाउसमध्येही नाट्यगृह होतं. पोट भरण्याची आणि मन रमवण्याची गरज एकाच माणसाची असते, हे दोन्हीकडे कळलं होतं.

शिकागोचा थेट धागाही मुंबईला येऊन जुळतो. अमेरिकन मराठी मिशन हे नाव मराठी वाचकाला ‘ज्ञानोदय’मुळे ठाऊक असतं. या मिशनतर्फे १९२५ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे पाद्री मुंबईत आले. शिक्षण शिकागो विद्यापीठात झालेलं. भायखळ्याजवळ नागपाड्याच्या दाटीवाटीच्या, सर्व धर्मांच्या वस्तीत मिशनने ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभं केलं, त्याचे ते संचालक झाले. हे काम शिकलेल्या माणसांनी करायचं तर त्याचं रीतसर शिक्षण हवं, हे त्यांना तिथे जाणवलं. टाटा विश्वस्तांच्या मदतीने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिले वर्ग त्या नागपाड्याच्या घरातच भरले. १९४४ मध्ये त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, पुढे ते देवनारला गेलं. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या संस्थांत एमएसडब्ल्यू झालेली जी मुलंमुली दिसतात, त्यांच्या शिक्षणाची गंगोत्री नागपाड्याच्या त्या वर्गात आहे.

गोष्ट इथे संपत नाही. शीला पटेल टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून नागपाड्याच्या त्याच केंद्रात काम करत होत्या. आसपासच्या फुटपाथवर हजारो कुटुंबं राहत होती. बालवाडी, दवाखाना यांचा लाभ ती घेत, पण महापालिकेची गाडी येऊन झोपडं उचलून नेई तेव्हा केंद्राकडे उत्तर नसे. १९८४ मध्ये पटेल आणि काही सहकाऱ्यांनी बाहेर पडून ‘स्पार्क’ ही संस्था काढली. बस्तान बसवलं ते भायखळ्यात, महापालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये. दार दिवसभर उघडं. ज्या बाईला वाटेल तिने यावं, बसावं, बोलावं.

१९८५ च्या जुलैमध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य केलं, पण फुटपाथवरची घरं पावसाळ्यानंतर हटवायला परवानगीही दिली. त्या धास्तीच्या दिवसांत गॅरेजमध्ये जमणाऱ्या बायकांनी आणि स्पार्कने ठरवलं की आपण आधी आपली मोजणी करू. भायखळा परिसरात आणि मुख्य रस्त्यांवर सुमारे सहा हजार कुटुंबांची, सत्तावीस हजार माणसांची नोंद झाली. ही माणसं फुटपाथवर का राहतात, तर कामाची जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. बसभाड्याला पैसे नाहीत. शिकागोच्या रंगीत नकाशांना नव्वद वर्षं झाली होती, पण पहिलं हत्यार तेच होतं. फरक असा की इथे मोजणाऱ्या बायका स्वतः फुटपाथवर राहत होत्या.

१९८६ मध्ये त्यांनी ‘महिला मिलन’ उभी केली. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, हा फास त्यांनी प्रथम सोडवला. रेशनिंग कचेरीत अर्ज कसा भरायचा, कुणाशी काय बोलायचं, हे दहा जणी शिकल्या आणि त्यांनी शंभर जणींना शिकवलं. मग रोजची बचत. एक रुपया, दोन रुपये. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीची एक पिशवी आणि तिच्यात रकमेप्रमाणे रंगीत कागदाचे तुकडे. आजारपण, तुरुंग, अचानक गावी जाणं, अशा वेळी त्यातून तातडीचं कर्ज. अर्ज तपासायला बाहेरचं कुणी नसे. शेजारणीच ठरवत, कारण कुणाच्या घरी खरंच काय चाललंय ते त्यांना माहीत असे. हल हाउसच्या दारातून कालव्यावर गेलेला तो कारकून या बायकांकडे आला असता तर वाचला असता, असं मला राहून राहून वाटतं.

पुढचं पाऊल घराचं. बायकांनी साड्या, बांबू आणि पुठ्ठे वापरून खऱ्या मापाचं घर रस्त्यावर उभं केलं आणि आत शिरून पाहिलं. हात पसरला तर भिंत कुठे येते, झोपताना डोकं कुठे, पाणी कुठे ठेवायचं. जागा लहान आहे तर छत चौदा फुटांवर घ्या, म्हणजे पोटमाळा होईल, हे त्यांचं म्हणणं. वास्तुविशारदांनी ते कागदावर उतरवलं.

शिकागोत हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी बहुतेक इमारती १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. जुना बंगला संग्रहालय म्हणून उरला आहे. जेन ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या नावाने काम चालवणारी संस्था मात्र जानेवारी २०१२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. अखेरच्या काळात ती मुख्यतः सरकारी पैशावर अवलंबून होती. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी वीस वर्षं रुपया-रुपया साठवत, कचेऱ्यांचे उंबरे झिजवत जमीन मिळवली. मानखुर्दला त्यांची स्वतःची वसाहत आहे. तिला त्यांनी नाव दिलं मिलन नगर, आणि तिथल्या घरांना पोटमाळे आहेत.